तिसरा शिक्का

आमच्या पेणच्या कचेरीत गुपितांसाठी दोन शिक्के होते. एक 'गोपनीय', दुसरा 'अति गोपनीय'. दोन्ही सरकारकडून आलेले, लाकडी मुठीचे. तिसरा भाऊसाहेबांनी स्वतःच्या हौसेनं बाजारातून करून आणला होता. त्यावर अक्षरं होती 'गोपनीयता उठविली'.

"सरकारनं कुलपं पाठवली, बाई," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "किल्ली पाठवायची राहून गेली. म्हणून आपण करून घेतली."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि आपल्याला न समजणारं असं जगात फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. म्हातारा म्हणजे किती, तर पंचेचाळीस वर्षांचा. आज माझा मुलगा त्या वयाचा आहे आणि मी अजून त्याला स्वेटर घाल म्हणून सांगते.

भाऊसाहेब आमचे हेडक्लार्क. कचेरी खाडीकाठच्या बांधांचं काम बघायची. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून धरमतरच्या खाडीला मातीचे बांध घातलेले आहेत. ते कुठं खचले, कुठं दगड टाकायचे, एवढाच आमचा व्याप. त्यात गोपनीय असायचं तरी काय? तर कुठल्या बांधाला कुठं भोक पडलंय ते. जे खाडीतल्या प्रत्येक खेकड्याला ठाऊक होतं, कारण भोक त्यानंच पाडलेलं असायचं.

पण भाऊसाहेब त्या भोकांची गुप्तता अशी सांभाळायचे की जणू पलीकडच्या काठावर शत्रूची छावणी पडली आहे. खुर्ची भिंतीला टेकवून बसायचे, म्हणजे मागून कुणी वाचू नये. संध्याकाळी माझ्याकडून वापरलेले कार्बन मोजून घ्यायचे आणि एकेकाचे चार तुकडे करायचे. "वापरलेला कार्बन म्हणजे उघडं तोंड," म्हणायचे. गोपनीय कपाटाची किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधत. त्यामुळे कुणी फाइल मागितली की ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि आम्ही सगळे नम्रपणे खिडकीबाहेर बघायचो. एकदा एक पाहुणे अधिकारी नेमके त्याच वेळी आत आले आणि बराच वेळ दारातच थांबून राहिले.

आमचा शिपाई खाडीकाठच्या गावचा. त्याला सगळे मामा म्हणायचे. मामा मला सांगायचा, "बाय, यो मानूस झोपतो पन लखोट्यात. वरून डिंक लावून."

दुसरं वेड पोहोचेचं. काहीही हातात दिलं की "पोहोच द्या." कागद दिला, पोहोच. टाचण्यांची डबी दिली, पोहोच. मामा त्यांच्या चहाच्या कपाची पोहोच घेऊन ती खिशात जपून ठेवायचा, चहा मिळाला नाही असं म्हणाले तर दाखवायला. पहिल्या संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ दिला. पाच मिनिटांत माझ्या टेबलावर चिठ्ठी: 'एक तिळगूळ मिळाला. गोड बोलण्याबाबत कार्यवाही सुरू आहे.' ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. तेव्हा मात्र मी ती सगळ्या कचेरीला दाखवून हसले होते आणि त्यांनी ते बघितलं होतं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी नात. ती भाषांतराचं काम करते. परवा लॅपटॉपवरून नजर न काढता तिनं विचारलं, "आजी, 'डिक्लासिफाय' केलेले कागद असतात ना, त्याला मराठीत काय म्हणायचं? कोशात जे शब्द आहेत ते बोलताना दात पडतील."

"गोपनीयता उठवणे," मी म्हणाले.

"म्हणजे लीक करणं?"

"नाही गो बाई. ते कळायला भाद्रपदात पेणला यावं लागतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मीही एकदा अशीच बघत राहिले होते.

झालं होतं असं. गणपतीचे दिवस जवळ आलेले. कचेरीच्या खिडकीखालचा रस्ता माणसांनी भरलेला, गावोगावचे लोक मूर्ती घेऊन निघालेले. कुणाच्या डोक्यावर पाट, कुणाची हातगाडी, आणि प्रत्येक मूर्तीच्या तोंडावर रुमाल. भाऊसाहेबांनी मला खिडकीशी बोलावलं.

"तो रुमाल कोण काढणार?"

"ज्यांचा गणपती ते," मी म्हणाले. मला टायपिंग होतं.

"कधी?"

"घरी पोचल्यावर. दारात पाय धुवून, ओवाळून."

"आणि वाटेत वाऱ्यानं उडाला तर?"

"तर उडाला."

"त्याला फुटणं म्हणतात," भाऊसाहेब म्हणाले. "कुणी आगाऊपणानं वर करून बघितला, तर ते फोडणं. आणि घरच्याच माणसानं, वेळ झाल्यावर, ओवाळून काढला, तर उठवणं. तोंड तिन्ही वेळा तेच दिसतं, बाई. पण पहिल्या दोन वेळी गणपती घरी पोचलेला नसतो."

मग खुर्चीत बसून त्यांनी मला त्या शब्दाची सगळी शिस्त ऐकवली. ज्यानं झाकलं त्यानंच उठवायचं, किंवा त्याच्या जागेवर जो बसला असेल त्यानं. ज्याच्याविषयी कागद आहे त्याला सगळ्यात आधी दाखवायचं. तारीख घालायची, सही करायची, आणि का उठवलं त्याचं कारण एका ओळीत लिहायचं. "कारण लिहिता येत नसेल," म्हणाले, "तर वेळ झालेली नाही असं समजायचं."

गंमत म्हणजे हा शिक्का कचेरीत कधीच वापरला गेला नाही. भोकं बुजली, बांध नवे झाले, तरी वरून कधी काही उठवायचा हुकूम आला नाही. भाऊसाहेब खंडेनवमीला माझ्या टाइपरायटरबरोबर त्या शिक्क्यालाही फूल वाहायचे आणि रबर सुकू नये म्हणून एकदा कोऱ्या कागदावर उमटवायचे. मग तो कागद फाडायचे. चार तुकडे.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

मी हंगामी होते. कचेरीत दर वर्षी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो: काम कसं, वागणूक कशी, दोष काय. भाऊसाहेब लिहीत, साहेब सही करीत. माझा पहिला अहवाल वरच्या कचेरीत जाणार होता आणि त्यावरून मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. रोह्याला घरी वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "कायम झालीस तर कर नोकरी. नाहीतर तुळशीचं लग्न झालं की बघायला येणाऱ्यांना बोलावतो." येणाऱ्यांपैकी एक वाटेवरच्या निडी गावचा होता. त्याला मी रोज एसटीत बघत असे. तो खिडकीतून थुंकायचा आणि वारा कुठून येतोय ते आधी बघायचा नाही. मी त्याच्या मागच्या बाकावर बसायची. तेव्हा मला कायम होणं किती गरजेचं होतं ते लक्षात घ्या.

कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर देण्याची जी वही असते, बारनिशी म्हणतात तिला, ती माझ्याकडे होती. त्यामुळे माझ्याच अहवालाचा लखोटा जावक नंबरासाठी माझ्याच टेबलावर आला.

"याची नोंद करा," भाऊसाहेब म्हणाले. "उद्याच्या टपालानं जाईल."

"आत काय आहे?" मी साळसूदपणे विचारलं.

"कागद," ते म्हणाले, आणि जेवायला घरी गेले.

लखोट्यावर माझं नाव, वर 'गोपनीय'. मला पहिला राग आला तो असा की त्याला लाखेचं सील नव्हतं. लाख फक्त अति गोपनीयला. माझा लखोटा नुसता खळीनं चिकटवलेला. म्हणजे खेकड्यांच्या भोकांना लाख आणि मला खळ. दुसरं, खळ वाफेवर सुटते हे ज्ञान मला शाळेपासून होतं, आणि मामाची किटली स्टोव्हवर होती.

"बाय, काय करतंस गो?" मामा म्हणाला.

"काही नाही. हात शेकतेय."

"चैतात?" मामानं लखोट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाठ फिरवली. "मी काय बघला नाय. पन लवकर कर, चायचा पानी आटतंय."

लखोटा सुटला. मी कागद अर्धा बाहेर ओढला आणि वाचलं. 'काम: चांगले. अक्षर: चांगले. वेळ: एसटी आली तर पाळतात. दोष: कुतूहल प्रमाणाबाहेर.' तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी कागद आत कोंबला, डब्यातली भाताची चार शितं बोटानं चोळून लखोटा चिकटवला आणि जाग्यावर येऊन बसले. आलेला माणूस भलताच निघाला, कुठल्यातरी गावचा, बांधाचं विचारायला आलेला. पण माझं लक्ष कुठं होतं. कुतूहल प्रमाणाबाहेर. माझ्यात. मी आतून पेटले होते.

रागात माणूस फार शुद्ध मराठी लिहितो. मी टाइपरायटर पुढं ओढला आणि एका दमात खुलासा टाइप केला: 'माझ्याविषयी कुतूहल प्रमाणाबाहेर असल्याचा जो शेरा मारण्यात आला आहे, तो वस्तुस्थितीस धरून नाही. ज्या कागदाशी माझा संबंध नाही, तो मी कधीही उघडून पाहत नाही.' तीन प्रती काढल्या. खाली झोकदार सही केली. आणि काम चोख हवं म्हणून बारनिशीत रीतसर आवक नंबर टाकून, संध्याकाळी सुटताना भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवून दिला. रामवाडीच्या स्टँडपर्यंत मी अशा तोऱ्यात चालत गेले की दोन ओळखीच्या बायका बघून बाजूला झाल्या.

एसटी नागोठण्याला थांबली. शेंगावाला चढला. मी शेंगा घेतल्या, पहिली सोलली, आणि ती तोंडात टाकतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला. तो शेरा मला अजून कुणी कळवलेलाच नव्हता.

शेंगा तशाच पदरात राहिल्या. निडीवाला पुढच्या बाकावर बसून मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्यात थोडं बरं काही आहे का ते शोधावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांसमोर टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. माझा खुलासा आणि माझा लखोटा.

"बाई, हा खुलासा तुमचा?"

"हो."

"कोणत्या शेऱ्याला?"

मामा कपबश्या घेऊन चालला होता, तो मध्येच उभा राहिला.

"मी विचारलेलं नाही, त्याआधीच उत्तर आलंय," भाऊसाहेब म्हणाले. "वीस वर्षं झाली मला या खात्यात. एवढी तत्परता बघितली नव्हती." मग त्यांनी लखोट्याची कड नखानं खरवडली. "सरकारी खळ मैद्याची असते. यात शीत आहे. उघडलात?"

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. रात्रभर त्यांचीच जुळवाजुळव केली होती. एकीत वारा होता, दुसरीत मांजर होतं आणि तिसरीत, देव मला क्षमा करो, मामा होता. मी मामाकडे बघितलं. तो कपबश्यांकडे बघत होता, मान खाली घालून, जणू त्यालाही ती तिसरी थाप ऐकू आली होती.

"हो," मी म्हणाले. "किटलीवर."

"कागद वाचलात?"

"हो."

"पूर्ण?"

"हो हो. पूर्ण." माझं रडू फुटायच्या बेतात होतं आणि हा माणूस चौकशा करत होता.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशा मी त्या दिवशी पहिल्यांदा हललेल्या बघितल्या. कशासाठी हलल्या ते मला पन्नास वर्षं कळलं नाही.

हंगामी माणसानं गोपनीय लखोटा फोडला तर काय करायचं, ते नियमात एका ओळीत होतं. त्या ओळीनुसार मी दुपारच्या एसटीनं कायमची रोह्याला जाणार होते. खुलासा फाडून टाकला असता तरी भागलं असतं, पण मीच त्याला बारनिशीत नंबर घालून अमर करून ठेवलं होतं, आणि बारनिशीत खाडाखोड करणं भाऊसाहेबांना जमणारं नव्हतं. ते उठले. भिंतीकडे तोंड करून किल्ली काढली. आम्ही खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी कपाटातून एक जाड लखोटा घेतला, त्यात माझा खुलासा आणि तो वाफाळलेला अहवाल घातला, मेणबत्तीवर लाख वितळवून सील केलं आणि वर शिक्का मारला: 'अति गोपनीय'. बारनिशीत माझ्या नंबरासमोर लिहिलं, 'हेडक्लार्क यांचे ताब्यात'. एक अक्षर खोटं नाही, आणि तो कागद आता कुणाला मागताही येणार नाही.

अखेर मला लाख मिळाली होती.

"अहवाल नव्यानं लिहून साहेबांची सही घेतो," ते म्हणाले. "साहेब सही करतात, वाचत नाहीत. हेही गोपनीय आहे."

"आणि हा लखोटा? हा कधी उघडणार?" मी विचारलं.

भाऊसाहेब मामाकडे वळले. "बघ. मी शेरा चुकीचा लिहिला का?"

"नाय भाऊसाब," मामा म्हणाला. "कमीच लिवलाव."

"योग्य वेळी उठवू," भाऊसाहेब मला म्हणाले. "तुमच्याविषयी आहे, तेव्हा आधी तुम्हालाच. बसा आता. लखोटा माझ्याकडे आला, याची मी तुम्हाला पोहोच देतो. आणि पोहोच मिळाली, याची तुम्ही द्या."

दोन महिन्यांनी माझा कायमचा हुकूम आला. निडीवाल्याचं लग्न दुसरीकडे झालं, आणि ऐकते की सुखाचं झालं. घरी मी सांगितलं की माझी टायपिंगची गती बघून साहेब चाट पडले. पुढं नवऱ्याला तेच सांगितलं, मुलांना तेच. पण मनात एक बारीक कुसळ राहिलं. भाऊसाहेबांनी नव्या कागदावर माझी दया येऊन काहीतरी बरं लिहिलं असणार. ज्या नोकरीवर मी सदतीस वर्षं डौल मिरवला, रेकॉर्डची खोली सांभाळली, हरवलेले नकाशे जुन्या गठ्ठ्यांतून हुडकून काढले आणि त्याबद्दल शाबासक्या घेतल्या, ती नोकरी मला कीव करून दिलेली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. भाऊसाहेबांना विचारायची तर हिंमतच नव्हती.

निवृत्तीनंतर भाऊसाहेब मुलीच्या आधारानं रोह्यालाच येऊन राहिले. मी पेढे घेऊन गेले तेव्हा माझा स्वतःचा निरोपसमारंभ आदल्या दिवशी झाला होता आणि ते ब्याऐंशीचे होते. काकूंनी दार उघडलं. काकू म्हणजे त्यांच्याहून वरचढ. म्हणाल्या, "आज काय जेवण आहे ते विचारू नका, गोपनीय आहे. पानं मांडल्याशिवाय मीसुद्धा सांगत नाही. यांच्याशी संसार करून मलाही खोड लागली." मग त्यांनी सांगितलं की लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांना एक कागद दिला. 'तुमची पहिली पुरणपोळी कडक होती.' खाली तिसरा शिक्का, तारीख, सही, आणि कारण: 'आता उत्तम होतात, सबब.'

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीही शिक्का मागून घेतला," काकू म्हणाल्या. "आणि लिहिलं की बघायला आला होतात तेव्हा अंगात थोरल्या भावाचा कोट होता. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तेव्हाच बघितलं होतं."

भाऊसाहेब कॉटवर बसून हे ऐकत होते. पेढा खाल्ला. पोहोच लिहून दिली, हात कापत होता तरी. मग उशीखालून तो जाड लखोटा काढला, नव्यानं लाख लावलेला.

"फाडून उघडा," म्हणाले. "किटली लागणार नाही."

वरच एक कागद होता. त्यावर तो शिक्का, जो मी सदतीस वर्षांत फक्त खंडेनवमीला बघितला होता. 'गोपनीयता उठविली.' खाली तारीख, सही. आणि कारण: 'संबंधितास आता यावर हसता येईल.'

मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खाली माझा खुलासा होता, त्यातलं 'मी कधीही उघडून पाहत नाही' पुन्हा वाचताना मला असा ठसका लागला की काकूंनी पाणी आणून दिलं. त्याखाली तो अहवाल. तो मला पाठच होता. मी सगळं तसंच घडी करून पर्समध्ये टाकलं. भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. "सगळं बघितलंत?" त्यांनी विचारलं. "हो हो," मी म्हणाले. मिशा पुन्हा हलल्या.

ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. काकूंनी तिसरा शिक्का माझ्याकडे पाठवून दिला, सोबत चिठ्ठी: पोहोच द्यावी.

तर नातीला शब्द समजावून सांगायचा म्हणून मी परवा कपाटातून तो लखोटा काढला, सगळी कथा सांगितली. टायपिंगच्या गतीचं खोटंही सांगून टाकलं. ते कुसळसुद्धा. तिनं एकेक कागद वाचला. खुलाशाला पोट धरून हसली. मग अहवाल हातात घेतला.

"आजी, मागं काय लिहिलंय हे?"

"मागं काही नाही. तो मला पाठ आहे."

"अगं, पान उलट ना," ती म्हणाली, आणि तिनंच उलटलं.

मागच्या बाजूला, वाफेनं शाई किंचित फुटलेल्या भाऊसाहेबांच्याच अक्षरात, मी लखोटा किटलीवर धरला त्याच्या आदल्या दिवशीची तारीख घालून लिहिलेलं होतं: 'वरील दोष हा या कामास लागणारा गुण आहे. हरवलेले कागद अशीच माणसे शोधतात. कायम करावे, ही आग्रहाची शिफारस.' खाली साहेबांची सही. आणि अगदी तळाशी, शिसपेन्सिलीनं, कापऱ्या हातानं लिहिलेली एक ओळ, म्हातारपणची:

'बाई, पान उलटलेत का? पोहोच द्यावी.'

नातीनं माझ्यासमोर शाईचं पॅड सरकवलं. म्हणून हे सगळं लिहून काढलं, आणि पहिल्या पानावर शिक्का मारलाय. कारण: आता मलाही घरी पोचल्यासारखं वाटतंय.

भाऊसाहेब, पान उलटलं. उशीर झाला खरा. ही पोहोच.